सातबाऱ्यावर चार जीबी

ऑफिसचा मेल सर्व्हर माझ्याकडे आहे. म्हणजे मेल पोचला तर पाठवणाऱ्याचा चांगुलपणा, नाही पोचला तर माझा हलगर्जीपणा.

सर्व्हर म्हणजे तरी काय, एका मोठ्या मशिनवर सॉफ्टवेअरनं पाडलेल्या नऊ व्हर्च्युअल मशिनांपैकी एक. चाळच ती. माझ्या खोलीच्या नावावर चार जीबी रॅम. त्यात मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स, मेलपेट्या सांभाळणारा डव्हकॉट आणि व्हायरस तपासणारा क्लॅमएव्ही यांनी गुण्यागोविंदानं नांदायचं. नांदत नव्हते.

रोज सकाळी अकराला मेल ठप्प. अकाउंट्सच्या मॅडमचा फोन, "अहो, मी स्वतःलाच मेल टाकला, तोही आला नाही!" लॉगमध्ये रोज तेच: मेमरी संपली, क्लॅमडी (म्हणजे क्लॅमएव्हीचा सतत चालू असणारा प्रोग्रॅम) मारला. मारेकरी घरचाच, लिनक्सचा ओओएम किलर. मेमरी संपली की तो साधारणपणे सगळ्यात जास्त खाणाऱ्याला उडवतो. आणि आमच्यात सगळ्यात जाडा कोण, तर दारावरचा वॉचमन! व्हायरसच्या याद्या पोटात घेऊन तो एक जीबीच्या वर जातो. त्यात नवी यादी आली की ती पूर्ण चढेपर्यंत जुनी सोडत नाही. नवं कपाट दारात, जुनं अजून पॅसेजमध्ये, तसला प्रकार.

पोस्टफिक्स बिचारा सोशिक. वॉचमन नसला तर मेल फेकत नाही, रांगेत बसवतो आणि पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. मुळात पाच दिवस वाट बघायची त्याची तयारी असते. मी क्लॅमडी उठवला की तुंबलेली रांग एकदम त्याच्या अंगावर. त्याच लोंढ्यात एकदा साहेबांचा मेल आला: "मेल बंद आहे, ताबडतोब बघा." दोन तास जुना.

पण दुप्पट यादी धरूनही चार जीबी भरायला नकोत. सगळ्यांचं खाणं तीनदा जोडलं, हिशेब जुळेना. शेवटी सापडला फुगा. होस्टला, म्हणजे त्या मोठ्या मशिनला, मेमरी कमी पडली की तो आमच्यासारख्या व्हर्च्युअल मशिनमधल्या बलून ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमला फुगायला सांगतो. फुगा आत जागा अडवतो, आणि ती जागा शेजाऱ्याला मिळते. सातबाऱ्यावर चार, कसायला अडीच!

शेजारी कोण, तर अकाउंट्सचं मशिन. मॅडम अकराला मोठा रिपोर्ट लावायच्या आणि तो चालेपर्यंत जरा मोकळ्या म्हणून स्वतःला मेल टाकून बघायच्या.

मी गुपचूप चारही जीबी राखीव करून घेतले. दुसऱ्या दिवशी अकराला फोन.

"अहो, मेल मस्त येतायत हं! पण आमचा रिपोर्ट का लटकलाय?"