काका आणि चिठ्ठीवरचं टार

सोसायटीच्या जुन्या हिशेबांचा पेनड्राइव्ह घेऊन खजिनदार काका दारात उभे. ‘मिस्टर नाहीत का घरी? बरं, मग तूच बघ. काही नाही, फक्त उघडायचंय.’ आमच्या घरात सर्व्हर सांभाळण्याचा पगार मी घेते आणि मिस्टर वायफायसाठीसुद्धा मला हाक मारतात, हे काकांना सांगून उपयोग नव्हता. ‘फक्त नळ बघायचाय’ म्हटलं तर प्लंबर चहा पिऊन वर पैसे घेतो. मी चहाही करते आणि उघडूनही देते.

पेनड्राइव्हवर एकच फाइल. ‘हिशेब फायनल नवीन’, पुढे टिंब टार टिंब जीझेड. काम सोडून गेलेल्या हिशेबनिसाने जाता जाता सगळंच एकत्र करून दिलं होतं आणि सोबत ते उघडायच्या कमांडची एक चिठ्ठी. चिठ्ठीवर बॉलपेनने लिहिलेलं: टार, डॅश एक्सएफझेड, फाइलचं नाव.

‘लिहिलंय तसंच टाइप कर,’ काका खुर्ची ओढून माझ्या खांद्याशी बसले.

‘ते चुकीचं लिहिलंय, काका.’

‘खाली सही आहे त्याची.’

काका बँकेतून निवृत्त झालेत. सही असलेला कागद चूक असू शकतो हे त्यांना पटवणं माझ्याच्याने झालं नसतं. मी तसंच टाइप केलं. उत्तर आलं: झेड उघडता येत नाही, अशी फाइल नाही. कारण साधं आहे. एफ या अक्षराला लगेच पुढे फाइलचं नाव लागतं. डॅश लावून एक्सएफझेड लिहिलं की टारला वाटतं, ‘झेड’ हेच फाइलचं नाव. एफ शेवटी हवा: एक्सझेडएफ. गंमत म्हणजे डॅश न लावता एक्सएफझेड लिहिलं तर टार मुकाट्याने चालतो, कारण ती जुनी पद्धत आहे आणि तिचे नियम वेगळे.

‘म्हणजे डॅश काढला की बरोबर?’

‘हो.’

‘मग नियम काय राहिला?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी घाईने अक्षरांचे अर्थ सांगायला घेतले. एक्स म्हणजे बाहेर काढ. व्ही म्हणजे काढताना नावं दाखव. एफ म्हणजे फाइल. झेड म्हणजे जीझिप, फाइल दाबून लहान करणारा प्रोग्राम.

‘जीझिप जी पासून सुरू होतं.’

‘हो काका. आणि दाबणारे आणखी दोघं आहेत, त्यातल्या बीझिप टू साठी जे. एक्सझेडसाठी मोठा जे.’

‘तुम्ही लोक हे मुद्दाम करता.’

मग टार म्हणजे काय ते विचारून झालं. टार म्हणजे टेप अर्काइव्ह, 1979 साली यूनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सातव्या आवृत्तीत आलेला. तो फाइली नुसत्या गाठोड्यात बांधतो, दाबत नाही. दाबायचं काम जीझिपचं, म्हणून नावाला दोन टिंबं. ‘टेप’ ऐकताच काका खुलले. त्यांच्या बँकेत टेपा एसी खोलीत असायच्या, चपला बाहेर काढून आत जावं लागायचं, एकदा एका शिपायाने आत उदबत्ती लावली होती म्हणून त्याला मेमो मिळाला होता, तो मेमो काकांनीच ड्राफ्ट केला होता. मेमोचा मजकूर त्यांना अजून पाठ आहे. मलाही आता जवळजवळ पाठ आहे.

उदबत्ती विझल्यावर मी एक्सझेडएफ दिलं. काका मोठ्याने वाचायला लागले. ‘नॉट इन जीझिप फॉरमॅट. चाइल्ड रिटर्न्ड स्टेटस वन.’ थांबले. ‘कुणाचं पोर परत आलं?’

टार स्वतः काही उकलत नाही. झेड दिला की तो जीझिपला कामाला लावतो आणि त्या कामाला लावलेल्याला चाइल्ड म्हणतात. ते हात हलवत परत आलं, एवढाच अर्थ. ‘असं चारचौघात लिहायचं?’ काका म्हणाले.

इथे बहुतेक लोक फाइल पुन्हा डाउनलोड करतात, तीच फाइल पुन्हा येते आणि तीच ओळ पुन्हा दिसते. त्यापेक्षा ‘फाइल’ नावाचीच एक कमांड आहे, ती चालवावी. ती नावाकडे बघत नाही, आतले पहिले बाइट बघते. जीझिपचे पहिले दोन 1एफ आणि 8बी; झिप सुरू होते पीकेने, ही झिपचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. फाइल काही केबींची आहे आणि कमांड ‘एचटीएमएल’ म्हणतेय, तर तुमच्याकडे हिशेब आलेलेच नाहीत, लॉगिनचं पान आलंय. आमची निघाली साधी टार. दाबलेलीच नव्हती, शेवटचं जीझेड नुसतं शोभेला. झेड काढून टाकला. खरं तर ग्नू टार, म्हणजे लिनक्सवरचा नेहमीचा टार, काढताना प्रकार स्वतःच ओळखतो, नुसतं एक्सएफ पुरतं. फाइल दुसऱ्या कमांडकडून पाइपमधून येत असेल तरच सांगावं लागतं. म्हणजे ती चिठ्ठी मुळात नकोच होती. पण तिच्यावर सही होती.

काढायच्या आधी टीएफने यादी बघितली आणि बरं झालं. आत सगळ्यांना धरून ठेवणारा वरचा फोल्डरच नव्हता. एक्सएफ दिलं असतं तर सगळ्या फाइली माझ्या होम फोल्डरमध्ये सांडल्या असत्या. अशा वेळी आधी रिकामा फोल्डर करायचा (टार तो करून देत नाही) आणि शेवटी डॅश मोठा सी लावून त्याचं नाव द्यायचं. बांधणाऱ्याचं एका फोल्डरने काय बिघडतं, हे मला आजवर कळलेलं नाही. बांधणारा सुटतो, सोडवणारा बसतो.

आत काय? दर वर्षाची एक झिप. ‘अनझिप, स्टार टिंब झिप’ दिलं की अनझिप म्हणतो, फाइलनेम नॉट मॅच्ड. कारण तो स्टार शेल, म्हणजे कमांड वाचून पुढे देणारा प्रोग्राम, आधीच सगळ्या झिपांच्या नावांत उलगडतं, आणि अनझिप पहिल्या झिपमध्ये बाकीच्या झिपा शोधत बसतो. स्टार अवतरणचिन्हांत घातला की सुटतं. सुटलं, आणि नवीन ओळ: नीड पीके कॉम्पॅट 5.1, कॅन डू 4.6. एइएस या पद्धतीने कुलूप घातलेल्या, पासवर्डच्या झिपा. अनझिपची 6.0 ही आवृत्ती 2009 ची, तिला एइएस येत नाही, आणि सरळ तसं सांगायचं सोडून ती आकडे फेकते. इथे सेव्हनझेड हा दुसरा प्रोग्राम लागतो.

‘हे फुकट का?’ काकांनी विचारलं. मग हळूच, ‘माझ्याकडे ते विनरार आहे, असंच फाइली सोडवणारं. फुकट वापरायचे चाळीस दिवस संपले म्हणतं. मी बंद करतो, परत म्हणतं. कित्येक वर्षं झाली. आमच्याकडे नव्वद दिवसांत खातं एनपीए व्हायचं.’ वसुली विभागात नोकरी केलेला माणूस रोज त्या खिडकीपुढे थकबाकीदार म्हणून बसतो, याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

सेव्हनझेडला एक्स द्यायचा, ई नाही. ई फोल्डर मोडून सगळं एका ठिकाणी ओततो, आणि दर इमारतीच्या फोल्डरमध्ये ‘एप्रिल’ नावाचीच पीडीएफ असेल तर एकेका एप्रिलवर दुसरा लिहू का, विचारत बसतो. फोल्डर सांगणारा ओ नावाला चिकटून लिहायचा, मध्ये जागा नाही. पासवर्ड कमांडमध्ये लिहायचा नाही, दिलेल्या कमांडांच्या हिस्टरीत राहतो. विचारेल तेव्हा द्यायचा. तो काकांच्या डायरीत भाजीच्या हिशेबाशेजारी होता, आणि त्यांनी तो जिन्यात ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचून दाखवला.

सगळं निघालं. काका म्हणाले, ‘झालं ना? एवढंच तर होतं. आता मूळ फाइल गेली का?’

‘नाही, काका. टार मूळ फाइलला हात लावत नाही.’ (जीझिपची फाइल सोडवणारा गनझिप लावतो, काम झालं की जीझेड गायब. ठेवायची असेल तर डॅश के.)

‘म्हणजे हिशेब आता दोन झाले,’ काकांनी चष्मा काढला. ‘ऑडिट कुठल्याचं करायचं?’