‘पोरगं रमत नाही’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

प्रवेशांचा हंगाम सुरू झाला की सातारच्या पालक-ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो चार ठिकाणांहून आला, दोन ठिकाणी ‘मानसशास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ अशा ठळक शेपटासकट. मजकूर थोडक्यात असा: गावाकडून, मराठी माध्यमातून आलेलं पोर सहा महिन्यांत कॉलेजात रमलं नाही तर ते त्याच्या कुवतीबाहेरचं आहे, परत आणा. सगळ्या थरांतली मुलं एकत्र आली की अभ्यास बिघडतो, तेव्हा ‘आपल्यातल्यांतच’ ठेवा. गरिबाघरची स्वप्नं मुळातच छोटी असतात. आणि बोटांच्या ठशांवरून करिअर कळतं, ते दहावीतच पक्कं करून टाका.

मी कॉलेजात शिकवतो, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी ते रमणं. मेढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतून एक मुलगी आमच्याकडे यायची. दुपारचं प्रॅक्टिकल अर्धवट टाकून निघायची, गॅदरिंगच्या तालमीला नाही, ग्रुप-प्रोजेक्टला थांबणं नाही. स्टाफरूममध्ये शेरा ठरलेला होता, ‘मिसळत नाही’. मीही मान डोलावली होती, हे कबूल करतो. मग एकदा तिलाच विचारलं, तर म्हणाली, “सर, सव्वापाचची गाडी चुकली की मेढ्यापासनं वडापची जीप बघावी लागते, आणि अंधार पडल्यावर वडाप वर येत नाही.” तिची बॅच सकाळची केली, एवढंच. ती काही लगेच बडबडी झाली नाही, पण जर्नल वेळेवर पुरं व्हायला लागलं. स्वभाव म्हणून आम्ही जे लिहून मोकळे झालो होतो, ते एसटीचं वेळापत्रक होतं.

आता मानसशास्त्रज्ञांचं नाव घेतलंच आहे तर तेही बघू. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या मुलांना तासाभराच्या एका बैठकीत वरच्या वर्षांतल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले. ‘सुरुवातीला आम्हालाही इथं परकं वाटायचं, हळूहळू निवळलं’ असा त्यांचा मथितार्थ. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले: पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय मुलांचे गुण चढत गेले आणि गोऱ्या मुलांशी असलेलं अंतर निम्म्यावर आलं. कुवत सहा महिन्यांत उघडी पडत असती तर एका तासाने हे झालं नसतं.

पण इथे मीही हात राखून बोलतो. त्या प्रयोगात मुलं शंभराच्या आतच होती. २०२३ मध्ये तोच उपाय २२ संस्थांतल्या जवळजवळ २७ हजार विद्यार्थ्यांवर तपासला, तेव्हा परिणाम छोटा निघाला, आणि जिथे त्या मुलांना सामावून घ्यायला कॉलेजात खरोखर जागा होती तिथेच दिसला. नुसतं ‘होईल रे सगळं नीट’ म्हणून पाठ थोपटायची आणि प्रॅक्टिकल पाचपर्यंत ठेवायचं, याने काही होत नाही.

दुसरं, ‘आपल्यातल्यांत ठेवा’. हे वाक्य निदान साताऱ्यात बसून पुढे पाठवू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये इथेच सगळ्या जातींच्या पोरांना एका छपराखाली, एका पंगतीला आणलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. त्या पंगतीतून शिकलेली माणसं आजही या जिल्ह्यात कुणाचे आजोबा, कुणाचे पणजोबा आहेत.

अलीकडचा पुरावा हवा असेल तर गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाचा दिल्लीच्या खासगी शाळांचा अभ्यास आहे, २०१९ मध्ये आलेला. गरीब मुलांना प्रवेश देणं या शाळांना भाग पडलं, तेव्हा श्रीमंत मुलं जास्त उदार झाली, भेदभाव कमी करायला लागली. हिंदी-गणिताच्या गुणांवर परिणाम नाही, इंग्रजीत किंचित घट. वर्गात शिव्या थोड्या वाढल्या, हेही त्यांनी नोंदवलंय. (शिव्यांसाठी सातारच्या पोरांना बाहेरून शिकवणी लावावी लागते, असा माझा अनुभव नाही.)

बिघडतं कशाने, तेही सांगतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात पुकारली नाही तेव्हा मुलांमध्ये फरक दिसला नाही. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. हे वाचलं तेव्हा मला एक नेहमीचं दृश्य आठवलं. तास चालू असताना क्लार्क दारात उभा राहतो आणि प्रवर्गासकट यादी वाचतो, ‘यांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म राहिलेत’. एकेक जण उठतो, बाकीच्या माना वळतात. तासाची उरलेली वीस मिनिटं त्या पोरांच्या वहीत काय उतरतं, हे कुणी बघत नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. ‘छोटी स्वप्नं’ म्हणजे काय, तर भरती, पोलीस, एसटीत चिकटणं. आमच्याकडे पहाटे पाचला रस्त्याकडेने पळणारी पोरं बघा. अपशिंग्यासारख्या गावात, जिथे घरटी फौजी, भरती म्हणजे त्या पोराला पहिल्या पावलापासून अख्खी माहीत असलेली वाट. उंची किती, छाती किती, सोळाशे मीटर किती मिनिटांत, हे तो झोपेत सांगेल. आर्किटेक्ट व्हायला कोणती परीक्षा असते, हे सांगणारं त्याच्या ओळखीत कुणी नसतं. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराईंनी २००४ मध्ये हेच मांडलं: गरिबांकडे इच्छा कमी नसते, तिथवर जायच्या वाटांचा नकाशा विरळ असतो.

आणि नकाशा बदलला की स्वप्नं बदलतात. पश्चिम बंगालमध्ये ज्या गावांत आरक्षणामुळे दोन वेळा बाई प्रधान, म्हणजे आपल्या भाषेत सरपंच झाली, तिथे मुलगा-मुलगी यांच्या आकांक्षांमधलं अंतर आईबापांच्या मनात २५ टक्क्यांनी आणि खुद्द मुलांच्या मनात ३२ टक्क्यांनी कमी झालं. लोरी बीमन, एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांचं हे काम २०१२ चं. पोरींना कुणी भाषण दिलं नव्हतं. ग्रामपंचायतीच्या खुर्चीत बाई बसलेली दिसत होती.

राहता राहिले बोटांचे ठसे. ते आईच्या पोटातच ठरतात आणि त्यांचा बुद्धीशी किंवा आवडीशी संबंध असल्याचा शास्त्रीय पुरावा नाही. यापलीकडे त्यावर शब्द खर्च करवत नाहीत. आमच्या शेजाऱ्यांनी मात्र हजारो रुपये खर्चून मुलाचा रंगीत रिपोर्ट करून घेतला. कौतुकाने मला दाखवायला आणला. चाळताना मधल्या एका पानावर ‘आपली कन्या’ असा उल्लेख दिसला. त्यांना एकच अपत्य आहे, आणि त्याला आता मिशी फुटायला लागली आहे.