जर्मनी ‘मोफत’ आहे म्हणे

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहितोय. लांब होणार आहे, ज्याला कंटाळा असेल त्याने पुढे जावं.

कणकवलीत झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे एक गृहस्थ उभे होते. साठीच्या आतबाहेर, पायात पावसाळी चप्पल, हातात बटणवाली प्लास्टिकची फाईल. सातबाऱ्याच्या सहा प्रती काढायच्या होत्या. दुकानदाराने सहज विचारलं, कर्ज काढताय काय? तर म्हणाले, “झिलाक जर्मनीक धाडूचो हा. थय फी नाय म्हणतत.” आणि पुरावा म्हणून फाईलमधून एक पिवळा कागद काढून काचेवर ठेवला. एजंटाचा. वर ठळक अक्षरात ‘जर्मनी : शिक्षण १०० टक्के मोफत’. खाली ‘पॅकेज दीड लाख’. त्याखाली पोराचा पॉइंटर, म्हणजे कॉलेजच्या गुणांची दहापैकी सरासरी, ६.८, एका कॉलेजचं नाव, आणि मुंगीएवढ्या टायपात वर्षाची फी : १०,००० युरो.

मोफत आणि दहा हजार युरो. एकाच कागदावर, चार बोटांच्या अंतरात. आणि तो माणूस बाग गहाण टाकायला निघालाय.

हे होतं कसं, ते समजून घ्या. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत फी नाही हे खरंच आहे. सेमिस्टरला शंभर ते साडेतीनशे युरो वर्गणी भरायची, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पासही येतो. अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य २०१७ पासून आपल्यासारख्या बाहेरच्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली. बाकी बहुतेक ठिकाणी फुकटच. पण सरकारी विद्यापीठ एजंटाला दमडी देत नाही. खासगी कॉलेज देतं, दर डोई. म्हणून जाहिरात सरकारीची आणि ॲडमिशन खासगीत. “तुमच्या मुलाच्या प्रोफाइलला हेच बसतं” हे वाक्य ऐकलंत की समजा की कमिशन ठरलंय.

आता त्या ६.८ कडे या, कारण सगळी मेख तिथे आहे. आपले मार्क तिकडच्या मापात बसवायचं सूत्र साधं आहे. कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल वजा पासिंगने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. दहाच्या पॉइंटरला पासिंग ४ धरलं तर ६.८ चे होतात २.६. तिकडे १ सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे काठावर पास. मास्टर्सला अनेक विद्यापीठं २.५ किंवा त्याहून चांगला ग्रेड मागतात. पॉइंटर ७ असता तर बरोब्बर २.५ झाले असते. दोन दशांशांनी गेलं. म्हणजे पोरगं ढ नाही. २.५ ची अट नसलेली सरकारी विद्यापीठं शोधायची, अर्ज दोनाऐवजी आठ-दहा करायचे. युनि-असिस्ट या विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या जर्मन संस्थेमार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्राच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. काही विद्यापीठं थेट अर्ज घेतात, तिथे बहुतेक वेळा तेही नाहीत. कोर्स शोधायला डाड या जर्मन शिक्षण-विनिमय संस्थेची वेबसाइट आहे, फुकट. एवढं करायला दोन रविवार लागतात. एजंटाने त्या दोन रविवारांऐवजी बापाला वीस लाखांच्या फीत घातलं.

फी नाही म्हणजे खर्च नाही असंही नव्हे, हे मात्र कुणी घरात बोलतच नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. युरो शंभर रुपये धरला तर बारा लाख. पैसे आपलेच असतात, तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो सुटतात. पण भरताना ते रोख हवेत. आधी एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या मार्कशीट खऱ्या असल्याचा दाखला, १८,००० रुपये, नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं. त्यासाठी सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट लागतात, केटी लागली, म्हणजे विषय राहिला असेल, तर नापास झाल्याचीसुद्धा. ती लपवून चालत नाही. आणि गाडी अडते नावावर. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, एका कागदावर बापाचं नाव पूर्ण तर दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. हे पहिल्या दिवशी जुळवून बघा, व्हिसाच्या आठवड्यात नको.

तर सरकारी विद्यापीठ मिळालं तर ब्लॉक्ड अकाउंटचे बारा लाख, एपीएस, अर्ज, व्हिसा, तिकीट, गरम कपडे, हातखर्च धरून पहिल्या वर्षाला पंधरा लाखांच्या आसपास. त्या पिवळ्या कागदावरच्या कॉलेजात दोन वर्षांची फी वीस लाख वेगळी. हा फरक म्हणजे ती बाग.

बागेचं आता. काचेवर तो सातबारा पडला होता आणि खातेदारांची नावं रकान्यात मावत नव्हती. सामायिक. चुलते, त्यांची मुलं, मुंबईतले, एक नाव तर मयताचं, वारस नोंद झालेलीच नाही. आपल्याकडे कुणाचा सातबारा याहून वेगळा असतो सांगा. हक्कसोडपत्रावर सह्या करायला चाकरमानी गणपतीत येतात, आणि त्या पाच दिवसांत हा विषय काढला की आरतीआधी भांडण.

पण सह्या झाल्या तरी बँक ही जमीन शिक्षणकर्जाला सहसा तारण घेत नाही. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तारण मागतात ते एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, ठेवी. कारण थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला विकू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळली आहे. कर्ज थकलं तरी कोर्टात न जाता बँकेला ती विकता येत नाही. आपल्या कलमांना वाचवणारं हे कायद्याचं कलम, आणि आपण त्यावरच चिडतो की मॅनेजर माजलाय. मग कुणी तरी शहाणा सांगतो, पीककर्ज काढा. ते साधारण वर्षाच्या आत फेडायचं असतं, पोरगं तेव्हा तिसऱ्या सेमिस्टरला असतं. मग एजंटाच्याच ओळखीची खासगी फायनान्स कंपनी. तिला आयकर रिटर्न हवं, आंबा-काजूवाल्याकडे ते कुठून असणार? मग शेवटचा सल्ला येतो : तुकडा विकून टाका, हायवेला भाव चांगला आहे.

तीस लाख काढले तर काय होतं, ते एकदा कागदावर मांडा. ११ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच २७,५०० रुपये. एकरकमी उचललं धरून, दोन वर्षं शिक्षण आणि सहा महिने सवलत, म्हणजे अडीच वर्षांत सव्वाआठ लाख व्याज साचलं. पहिला हप्ता सुरू होतो तो ३० वर नाही, ३८ लाख २५ हजारांवर. दहा वर्षांची फेड, महिना ५२,७०० च्या आसपास. पोराला नोकरी लागली तर तिकडच्या पगारात हे जमतं, नाही असं नाही. नाही लागली तर? आंब्याला थ्रिप्स लागला, मार्चमध्ये अवकाळी झाला, म्हणून हप्ता थांबत नाही.

आणि नोकरीचं म्हणाल तर, विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२६ पासून किमान मजुरी तासाला १३.९० युरो. कागदावर छान दिसतं. जर्मन येत नसेल तर गोदामात, नाहीतर सायकलवरून जेवण पोचवायला, उणे पाचमध्ये. कोर्स इंग्रजीत असला तरी कंपनीतला फोरमन इंग्रजी बोलत नाही. बी-१, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती जर्मन, या पातळीला साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात. एवढी भाषा इथेच, जाण्याआधी करायची. गोएथे या जर्मन भाषा शिकवणाऱ्या संस्थेची परीक्षा मुंबई-पुण्याला. कोकणकन्येने रात्री निघायचं, सकाळी परीक्षा द्यायची.

वेळेचंही सांगून ठेवतो. या गणपतीत ठरवलंत तर पुढच्या गणपतीनंतर विमान, त्याआधी नाही. दिवाळीपर्यंत एपीएसचे कागद गेले पाहिजेत. शिमग्यापासून अर्ज. हिवाळी सत्राची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै, काही ठिकाणी फार आधी, म्हणून एकेक कोर्स तपासा. पत्र हातात पडलं की ब्लॉक्ड अकाउंट, मग व्हिसा. आणि व्हिसा नाकारला तर जुलै २०२५ पासून दूतावासाकडे फेरविचाराचा अर्ज करायची सोयच बंद झालीय. नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात. ‘रिजेक्ट झालं तर आपण बघू’ म्हणणाऱ्या एजंटाला हे विचारा, काय बघणार?

उतरल्यावर मुलं अडकतात ती खोलीवर. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे सुटायला तिथलं बँक खातं लागतं, त्यासाठी बहुतेकदा पत्त्याची नोंदणी. ती घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत करायची आणि तिला घरमालकाचं पत्र हवं. पोटभाड्याची खोली देणारे बरेच जण पत्र देत नाहीत. वर अनामत, मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत. म्हणून त्या बारा लाखांखेरीज दीड-दोन हजार युरो हाताशी ठेवायचे. हे नसल्यामुळे पोरं पहिल्या महिन्यात घरी फोन करून रडतात, आणि इकडे आई म्हणते, जेवला नसेल.

मान्य, सगळे एजंट चोर नसतात. फॉर्म भरून देण्याचे पाच-दहा हजार घेणारे सरळ लोकही आहेत. हेही मान्य की इथे राहून तरी काय? इंजिनिअर झालेलं पोर सिंधुदुर्गात बसून करणार काय, पुण्याला जाऊन वीस हजारांवर राबणार. शिवाय मास्टर्स झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, ही मोठी गोष्ट आहे. जाऊ नका असं मी म्हणतच नाहीये. कोकणातला माणूस घर सोडायला कधी घाबरला? बोटीवर गेला, गिरणीत गेला, आखातात गेला. पण तेव्हा मनीऑर्डर मुंबईहून घरी यायची. आता पोरगं विमानात बसायच्या आधी घरातून मनीऑर्डर जाते, तीही तीस लाखांची, आणि तिचा पहिला वाटेकरी एजंट.

राग खरा तर त्या गृहस्थांवर नव्हताच. त्यांनी दोनदा विचारलं, “फी नाय मां पण?” त्यांना तेवढंच ऐकायचं होतं. मी बोट ठेवलं त्या बारीक ओळीवर. चष्मा घरी राहिला होता. दुकानदाराने मग ती ओळ मशीनवर दुप्पट मोठी करून दिली, पैसे घेतले नाहीत.

कणकवली-कुडाळ-मालवणात कुणाला तो २.५ चा हिशेब करून हवा असेल तर पोराच्या मार्कशीटचा फोटो इनबॉक्समध्ये टाका, केटीच्या मार्कशीटसकट. पिवळे कागद टाकू नका, ते मला पाठ झालेत.