लैंगिकता शिक्षण: न्यूयॉर्कमधला कंस, जिनिव्हातली शिफारस आणि आपल्या शाळेतला तास

शाळेत लैंगिकता शिक्षण द्या म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला: हे परदेशी खूळ आहे, आपल्यावर लादलं जातंय. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ मध्ये. त्या कामापायी त्यांना गणिताच्या प्राध्यापकीवर पाणी सोडावं लागलं, तरी १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना छापील उत्तरं दिली म्हणून खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कुटुंबनियोजनाच्या हक्कासाठी जगभर काम करणारा महासंघ, आयपीपीएफ, १९५२ मध्ये स्थापन झाला तोही मुंबईतच. धन्वंती रामा राव आणि मार्गारेट सँगर त्यात पुढे होत्या. तेव्हा हा विषय बाहेरून आला म्हणणाऱ्यांनी आधी आपलाच इतिहास वाचावा.

पण मला आज बोलायचंय ते या विषयावर काम करणाऱ्यांशी. आपण संयुक्त राष्ट्रांचे दस्तऐवज प्रस्तावात एका ओळीपुरते वापरतो आणि पुढे जातो. ते शब्दशः वाचले तर सरकारकडे हिशोब मागता येतो. तो कुणी मागत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शब्दांपासूनच सुरुवात करू. लोकसंख्या आणि विकास या विषयावरच्या १९९४ च्या कैरो परिषदेत १७९ देशांनी जो कृतिकार्यक्रम स्वीकारला, त्याच्या ७.३ या परिच्छेदात ‘प्रजनन हक्क’ आहेत. ‘लैंगिक हक्क’ हा शब्दप्रयोग त्यात कुठेही नाही. पुढच्या वर्षी बीजिंगच्या महिला परिषदेत, तिथल्या दस्तऐवजाच्या परिच्छेद ९६ मध्ये, आपल्या लैंगिकतेविषयी जबरदस्ती, भेदभाव आणि हिंसेशिवाय मोकळेपणाने व जबाबदारीने निर्णय घेण्याचा स्त्रियांचा हक्क मान्य झाला. आशय आला, शब्द मात्र तिथेही आला नाही. म्हणून ‘कैरोत भारताने लैंगिक हक्क मान्य केले’ असं निवेदनात लिहू नका. समोरचा अधिकारी एवढी एक चूक पकडतो आणि अख्खं निवेदन बाजूला पडतं. परिच्छेदाचा आकडा द्या आणि त्यात आहे तेवढंच लिहा.

हे शब्द कसे गळतात तेही पाहण्यासारखं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या आणि विकास आयोगाची बैठक दरवर्षी न्यूयॉर्कला एप्रिलच्या सुमारास भरते. मसुद्यात ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकोनी कंसात राहतात. ‘सर्वंकष लैंगिकता शिक्षण’ वर्षानुवर्षं कंसात अडकलेलं आहे. तडजोड होते ती बहुतेक वेळा अशी: ‘सर्वंकष’ राहतं, ‘शिक्षण’ राहतं, मधली ‘लैंगिकता’ जाते. तिच्या जागी सांस्कृतिक संदर्भाला धरून, मुलांच्या वाढत्या समजेनुसार, पालकांच्या योग्य मार्गदर्शनाखाली, लैंगिक आणि प्रजनन आरोग्याची माहिती देणारं, अशी लांबलचक शेपटी येते. आयोगाचा ठराव एकमताने करायची रीत असल्यामुळे मोजके देश अडून बसले तरी सगळं थांबतं. २०२३ मध्ये बैठकीचा विषयच शिक्षण होता, आणि याच मुद्द्यावरून त्या वर्षी ठराव झालाच नाही.

मग धरून राहायचं कशाला? युनेस्कोने जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंबरोबर काढलेल्या तांत्रिक मार्गदर्शिकेला. ती पहिल्यांदा २००९ मध्ये आली आणि २०१८ मध्ये सुधारून निघाली. आठ संकल्पना, चार वयोगट. ‘पाच वर्षांच्या पोराला सेक्स शिकवणार’ असं ओरडणाऱ्यांना ५ ते ८ वयोगटाची पानं उघडून दाखवा. आपल्या अवयवांची खरी नावं माहीत असणं, आपल्या अंगाला कुणी कसा हात लावावा हे ठरवण्याचा आपल्याला हक्क आहे हे कळणं, नको असलेला स्पर्श झाला तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगणं, अशा गोष्टी तिथे आहेत. अत्याचार झालेल्या मुलीकडे अवयवाला शब्दच नसेल तर ती सांगणार काय? ‘तिथे’, ‘खाली’, ‘शी-शूची जागा’ एवढ्यावर जबाब उभा राहत नाही. आणि अशा शिक्षणाने मुलं लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत, हे त्याच मार्गदर्शिकेत अभ्यासांच्या आढाव्यासह मांडलेलं आहे.

हिशोब मागायची जागा म्हणजे जिनिव्हातला यूपीआर, म्हणजे प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांचा ठरावीक वर्षांनी होणारा आढावा. भारताचा झाला २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये. त्यासाठी कुठलीही संस्था निवेदन पाठवू शकते. एकटीने पाठवलं तर २,८१५ शब्दांची मर्यादा, अनेक संस्थांनी मिळून पाठवलं तर ५,६३०. मुदत आढाव्याच्या कित्येक महिने आधी संपते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच संस्था नेमक्या तिथेच चुकतात. दुसरी चूक म्हणजे संस्थेच्या कार्याची दोन पानं ओळख. जगभरातून आलेली सगळी निवेदनं मानवी हक्क कार्यालय सुमारे दहा पानांच्या गोषवाऱ्यात बसवतं. तुमच्या वाट्याला एक वाक्य येतं, फार तर दोन. ते तुम्हीच तयार करून पहिल्या पानावर ठेवा.

प्रत्यक्ष आढावा साडेतीन तासांचा. त्यातली ७० मिनिटं आपल्या सरकारची, १४० शिफारशी करणाऱ्या बाकीच्या देशांची. भारताच्या वेळी शंभराहून जास्त देश बोलायला उभे राहतात, म्हणजे एकेकाला जेमतेम मिनिटभर मिळतं. म्हणून त्याआधी दिल्लीतल्या दूतावासांना भेटताना हातात एकच पान न्या. त्यावर शिफारशीचं तयार वाक्य हवं: काय करायचं, कोणत्या खात्याने, किती दिवसांत. ‘लैंगिक आरोग्याबाबतचे प्रयत्न चालू ठेवावेत’ अशी शिफारस कुठलंही सरकार आनंदाने मान्य करतं, कारण ‘चालू ठेवले’ हे नेहमीच सांगता येतं. याउलट ‘सहावी ते बारावीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण अमुक वर्षापर्यंत पूर्ण करावं’ हे मोजता येतं. सरकारची उत्तरं दोनच असतात: ‘मान्य’ किंवा ‘नोंद घेतली’. नोंद घेतली म्हणजे सभ्य भाषेत नाही.

परदेशी पैशावर उभा केलेला कार्यक्रम टिकत नाही, हेही इथेच सांगतो. १९८४ पासून अमेरिकेत सरकार बदललं की गर्भपाताशी संबंधित काम करणाऱ्या परदेशी संस्थांवरची निधीबंदी उठते किंवा परत येते. २०२१ मध्ये उठली, २०२५ मध्ये पुन्हा लागू झाली. म्हणून काम राज्याच्या अभ्यासक्रमात आणि बजेटमध्ये बसवायला हवं.

इथेच आपली खरी गाठ आहे. जिनिव्हात शब्द देतं केंद्र सरकार, शाळा मात्र राज्याच्या. केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी बंद पाडला होता. २०२० पासून आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आला. त्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक सर, प्रशिक्षित करायचे आहेत. विषय अकरा, आठवड्याला एक तास. त्यात लिंगभाव समानता आहे, प्रजनन आरोग्य आहे, हिंसेपासून सुरक्षितता आहे, इंटरनेटचा सुरक्षित वापरही आहे. कागद वाईट नाही. वर्गात बिघडतं ते असं: तास गणिताला दिला जातो, प्रशिक्षित शिक्षकांची बदली होते, आणि प्रजननाचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सुटतो.

शिक्षकांची भीती खोटी नाही. पॉक्सो हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा १८ वर्षांखालची संमती मानत नाही, आणि कलम १९ नुसार गुन्हा कळला तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलीने विश्वासाने काही सांगितलं तर काय करायचं, हे प्रशिक्षणात स्पष्ट सांगायलाच हवं. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या वेळी तिने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करायची गरज नाही. हे शिक्षकांपर्यंत, आशाताईंपर्यंत पोचायला हवं.

वर्गात चालणारी एक साधी रीत सांगतो, चिठ्ठ्यांच्या पेटीची. प्रत्येकाला सारख्या आकाराचा कागद द्या आणि प्रत्येकाने तो पेटीत टाकायचाच. प्रश्न नसेल त्याने पाळीव प्राण्याचं नाव लिहावं, म्हणजे कोण लिहितंय आणि कोण नाही हे शेजारच्याला कळत नाही. चिठ्ठ्या तिथल्या तिथे उघडू नका. घरी वाचा, उत्तरं तयार करा, पुढच्या तासाला सगळ्यांची द्या. एक जरी चिठ्ठी ‘घाणेरडी’ म्हणून फाडली तरी पुढच्या वेळी पेटी रिकामी येते.

आणि पालक असाल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला एवढंच विचारा: आपल्या तालुक्यात आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमाखाली दोन्ही शिक्षक प्रशिक्षित असलेल्या शाळा किती, गेल्या शैक्षणिक वर्षात त्या प्रत्येक शाळेत प्रत्यक्ष किती तास झाले, आणि त्यात प्रजनन आरोग्याचे किती. उत्तर आलं की जपून ठेवा. जिनिव्हाच्या त्या २,८१५ शब्दांत घालायला आपल्याकडे आज कमी आहेत ते हेच आकडे.