एका पानाने हुकलेलं पुस्तक

परवा रात्री साडेदहाला माझी ४१ पुस्तकं ४० झाली. वाळवी लागली नाही, कुणी 'वाचून लगेच देतो' म्हणून नेऊन पचवलं नाही. मी दोनदा वाचलेलं, पदरचा वेळ घालून वाचलेलं पुस्तक नोंदसरांनी तक्त्यातून खोडलं आणि पुढे शेरा मारला : 'पृष्ठसंख्या ४८. अपात्र.'

प्रकार साधा आहे. आमचा ऑनलाइन वाचन-गट, वर्षाला ५२ पुस्तकांचं आव्हान. वाचून झालं की मुखपृष्ठाचा फोटो आणि चार ओळी टाकायच्या, नोंदसर आकडा वाढवतात. यात नवीन काहीच नाही. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर २०११ पासून लोक वर्षाच्या सुरुवातीला असले आकडे छाती ठोकून जाहीर करताहेत आणि वर्ष सरत आलं की गुपचूप कमी करताहेत. वर्ष संपायला सहा आठवडे उरलेत, त्यामुळे माझ्या जिवाला एकेक पुस्तक मोलाचं आहे, एवढंच ध्यानात ठेवा.

नोंदसर कुठल्या खात्यातून निवृत्त झाले मला माहीत नाही, पण त्या खात्यातल्या फायली आजही त्यांच्या स्वप्नात येत असाव्यात. पुस्तक आवडलं तर ते 'आशय समाधानकारक' असं लिहितात. वाढदिवसाच्या शुभेच्छांना त्यांचं उत्तर असतं, 'आभारी आहे. नोंद घेतली.' तक्ता करायची जबाबदारी त्यांना कुणी दिली नव्हती. एके सकाळी गट उघडला तर तक्ता होता, आणि तेव्हापासून तो आहे.

मी लगेच लिहिलं, "सर, माझा एक आकडा कमी कसा झाला?"

"मॅडम, आपण वाचलीत ती पुस्तिका आहे. पुस्तक नव्हे."

"असं कुणी ठरवलं?"

"युनेस्कोने."

रात्री साडेदहाला, केस विंचरता विंचरता, आपल्या भांडणात युनेस्को येईल याची तयारी कुणाचीच नसते. माझीही नव्हती. सरांनी पुढचा मजकूर मुद्देसूद टाकला : १९६४ सालची शिफारस, पुस्तक म्हणजे वेष्टन (मुखपृष्ठ-मलपृष्ठ) वगळून किमान ४९ पृष्ठांचं, नियतकालिक नसलेलं मुद्रित प्रकाशन, ५ ते ४८ पृष्ठं असल्यास ती पुस्तिका. मी शोधून पाहिलं. माणूस ठोकून देत असेल अशी फार आशा होती. पण खरं निघालं, आणि मला खरी चीड त्याचीच आली.

आता ज्यांचा छपाईशी थोडाफार संबंध आला आहे त्यांना ठाऊक असेल, पुस्तकाचे फॉर्मे, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेले गठ्ठे, बहुधा सोळा-सोळा पानांचे असतात. तीन फॉर्मे म्हणजे ४८. एखाद्या गरीब कवितासंग्रहाच्या प्रकाशकाने कागद वाया न घालवता, एकही कोरं पान न सोडता, सगळं नीट तीन फॉर्म्यांत बसवलं, की तो नेमका युनेस्कोच्या उंबरठ्याला ठेच लागून पडणार. बरं, ४९ पानांचं पुस्तक म्हणाल तर ते असूच शकत नाही. कागदाला दोन बाजू असतात! पुस्तक ४८ चं नाही तर ५० चं. म्हणजे जी वस्तू छापताच येत नाही तिच्यावर यांनी रेघ मारली. युनेस्कोच्या परिषदेत बसलेल्यांपैकी एकाने जरी आयुष्यात फॉर्मा दुमडला असता, तर माझा ४१ वाचला असता.

पण हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मी घासाघीस सुरू केली.

"सर, मलपृष्ठाच्या आत कवीचा परिचय छापलाय. ते ४९वं पान धरा."

"वेष्टन वगळून, मॅडम."

"मग पान म्हणजे काय तेच आधी ठरवू. मराठीत पान म्हणजे..."

"पान म्हणजे दोन्ही बाजू मिळून एक, असं धरल्यास आपली २४ होतात."

हा मुद्दा मी तिथेच सोडला.

मग मला आठवलं, पुस्तकात शुद्धिपत्र आहे! बोटभर रुंदीची पिवळट चिठ्ठी, तिच्यावर सहा चुका. मी विजयी मुद्रेने लिहिलं, "सर, आत शुद्धिपत्राची स्वतंत्र पट्टी आहे. छापील आहे. हे झालं ४९वं पान."

सर दोन मिनिटं गप्प. टाइप करताहेत, थांबताहेत, परत टाइप करताहेत. मग आलं : "पट्टी चिकटवलेली आहे की सुटी?"

"सुटी."

"मग तो पुस्तकाचा भाग होत नाही. सुटी वस्तू म्हणजे खूण घालायची दोरी, वाळलेलं पिंपळपान, बसचं तिकीट. उद्या कुणी म्हणेल, माझ्या पुस्तकात विजेचं बिल होतं."

"आणि चिकटवली तर?"

"कोण चिकटवणार? प्रकाशक की आपण?"

मी उत्तर दिलं नाही. "फोटो पाठवा," सर म्हणाले. पाठवला. त्यांनी तो मोठा करून वाचला असणार, कारण पाचव्या मिनिटाला शेरा आला, "पृष्ठ १७, ओळ ४ पाहावी." मी पाहिली. तिथे छापलं होतं : '"पान" ऐवजी "पाणी" वाचावे.'

होतं नव्हतं तेही एक पान शुद्धिपत्राने खाल्लं.

या सगळ्यात एका सदस्याने तोंड घातलं. गेल्या दोन वर्षांत या गृहस्थांनी काही वाचल्याची नोंद नाही. आमची एवढी झटापट चाललेली, आणि हे विचारतात, "कोणतं पुस्तक? पीडीएफ मिळेल का?"

या जमातीवर वेगळा लेख लिहायला हवा, पण दोन वाक्यं इथेच बोलून घेते. तुम्ही पुस्तकावर जीव ओतून चार परिच्छेद लिहा, खालचा पहिला प्रतिसाद हाच. पुस्तक कशावर आहे, लिहिणाऱ्याची किती वर्षं त्यात गेली, तो जिवंत आहे की नाही, कशाशी देणंघेणं नाही. फुकट आहे का ते सांगा. आणि दिली समजा कुणी, तरी उघडणार नाहीत. जपान्यांकडे पुस्तकं आणून न वाचता रचून ठेवण्याला 'त्सुंदोकू' असा शब्द आहे, तो एकोणिसाव्या शतकात सुरू झालेल्या मेइजी काळापासून चालत आलाय. पण त्या बिचाऱ्यांची पुस्तकं निदान जागा अडवतात, धूळ खातात, घरच्यांच्या शिव्या खातात. पीडीएफवाल्यांच्या ढिगाला धूळही बसत नाही. असो.

मी शिफारस पुन्हा वाचायला घेतली. वकिलासारखी, एकेक शब्द. आणि सापडलं : 'मुद्रित'. नोंदसरांची स्वतःची ६३ पुस्तकं झालीत, आणि त्यातली निम्म्याहून जास्त त्यांनी सकाळच्या फेरफटक्यात ऐकलीत. तीही दुप्पट वेगाने. एकदा त्यांनीच अभिमानाने सांगितलं होतं. युनेस्कोच्या व्याख्येत कानाने वाचायला जागाच नाही.

मी लिहिलं, "सर, व्याख्येत 'मुद्रित' आहे. मग तुमची ऐकीव पुस्तकं?" आणि त्याच दमात, "शिवाय ही व्याख्या देशोदेशींच्या प्रकाशनांची आकडेवारी सारख्या मापाने मोजता यावी म्हणून केलीय. कुणी काय वाचलं ते मोजायला नव्हे."

पाठवलं आणि फोन छातीशी धरून बसले. असा मुद्दा आयुष्यात एखाददुसऱ्यांदाच सुचतो.

"श्राव्य पुस्तकांसाठी पोटनियम ७ आहे," सर म्हणाले.

"तो कधी झाला?"

"आत्ता."

त्यावर गटात आठ अंगठे उमटले. कुणाच्या बाजूने ते कळायला मार्ग नाही. आपल्याकडे अंगठा म्हणजे 'मी पाहिलं, मला यात ओढू नका.'

इथपर्यंत मी हसत होते, खरंच. मग सहज म्हणून तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. एका ताईंचं ४४वं पुस्तक : मोठ्यांसाठी रंगवायचं पुस्तक, पृष्ठं ६४. अभिप्राय : 'पूर्ण केलं. मन शांत झालं.' पात्र. दुसऱ्या एकांचं ३८वं : अंककोडी, पृष्ठं ९६, 'शेवटची दोन अवघड आहेत.' पात्र. पोपटाला रंग दिला की पुस्तक झालं. आणि मी मार्चपासून सव्वा महिना खपून ९१२ पानांची कादंबरी वाचली, डोळ्यांचा नंबर वाढवून घेतला, तेही एकच.

ते ४८ पानांचं पुस्तक मला वाचायला तीन आठवडे लागले होते. मधोमध दोन पिना, त्यातली खालची गंजलेली, आणि गंजाचा तांबूस डाग बरोबर २५व्या पानावरच्या कवितेच्या शेवटच्या ओळीवर पसरलेला. ओळ वाचता येत होती, शेवटचा शब्द येत नव्हता. मी आठवडाभर त्या जागी एकेक शब्द घालून बघत होते. भांडी विसळताना, रांगेत उभी असताना, झोप लागता लागता. एकही बसेना. शेवटी प्रकाशात तिरकं धरल्यावर शब्द दिसला, आणि तो इतका साधा होता की मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. या वर्षात वाचताना असं एवढंच एकदा झालंय. हे मी चार ओळींत लिहिलंही होतं. नोंदसरांनी त्या चार ओळींखाली विचारलं होतं, 'पृष्ठसंख्या?'

त्यांच्यावर सगळा राग काढणंही बरोबर नाही. सप्टेंबरपासून दुकानात गेले की मी आधी पुस्तकाची जाडी बघते, मग नाव. एक सुंदर आत्मचरित्र २१० पानांवर मिटून ठेवलंय, कारण पुढची साडेतीनशे पानं म्हणजे दोन पुस्तकांचा तोटा. वाचताना डोळ्याच्या कोपऱ्यातून उरलेली पानं मोजते. चांगलं वाक्य आलं तर थांबत नाही, पेन्सिल शोधायला उठत नाही, वेळ जातो. हे कुठल्या पोटनियमात नाही, माझं मीच केलंय. पण ते कबूल केलं म्हणून ४१ परत मिळत नाही.

काल रात्री कपाटाच्या तळातून सगळ्यात बारीक पुस्तक ओढून काढलं. 'कुंडीतल्या रोपांवरील कीड : ओळख व उपाय' असलं काहीतरी. आधी शेवटचं पान उघडलं : ५६. साडेतीन फॉर्मे. माझ्याकडे एकही कुंडी नाही. पस्तीस मिनिटांत मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण सगळं उरकलं, मुखपृष्ठाचा फोटो काढला, खाली लिहिलं, 'आशय समाधानकारक.'

मिनिटाच्या आत उत्तर आलं. "नोंद घेतली. ४१."

पाठोपाठ ते गृहस्थ. "छान! पीडीएफ मिळेल का?"

आज सकाळी मी शुद्धिपत्राच्या मागे डिंक लावून ते कवितासंग्रहाच्या शेवटी चिकटवून टाकलं आणि वर जाडजूड शब्दकोश ठेवलाय. वाळलं की फोटो पाठवणार आहे. कोणी चिकटवलं, ते फोटोत दिसत नाही.