खुलासा : गूळ-दुधाने यकृतातले कीटकनाशक धुऊन निघत नाही

फवारणीहून आल्यावर गुळाचा खडा खाऊन पेलाभर दूध प्यायले की यकृतातले विष धुऊन निघते, असा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. तो चुकीचा आहे, आणि 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने माणसे दगावलेली असताना तो जिवाशी खेळणाराही आहे.

गळक्या पंपाने भिजून पाठीला चिकटलेल्या सदऱ्यातून क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक त्वचेवाटे थेट रक्तात उतरते. पोटातल्या दुधाशी त्याची गाठच पडत नाही. यकृतातील विकरे (एन्झाइम) त्याचा काही भाग निकामी करतात खरे, पण काही भागाचे रूपांतर मूळ द्रव्याहूनही जहाल अशा ऑक्सॉन नावाच्या द्रव्यात करतात. या खटाटोपात मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) वाढतात, त्यांना आवरणारे ग्लुटाथायोन हे पेशीतले संरक्षक द्रव्य खर्ची पडते, पेशीचे आवरण व तिला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका दुखावतात, आणि फुटलेल्या पेशींतील विकरे रक्तात झिरपून तपासणीत त्यांपैकीच एक, एसजीपीटी, वाढलेले दिसते. सुरुवातीला यकृत दुखतही नाही, म्हणून गुळाने गुण आला असे वाटते.

भिजलेले कपडे ताबडतोब उतरवून साबणाने अंग धुवावे. मळमळ, घाम किंवा अंधारी जाणवल्यास कीटकनाशकाचा डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.