‘ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे’ हे साफ चूक आहे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला वारंवार फिरतो: मनोरुग्ण आवरेनासा झाला तर चार दांडगी माणसं बोलवा, त्याला पालथा पाडा, बांधा. ओरडतोय तोवर श्वास चालू आहे. घरच्यांनी सही दिली की कायदा आड येत नाही. याला ट्रेनिंग कशाला?

यातलं सर्वांत घातक विधान श्वासाचं. आवाज काढायला थोडी हवा पुरते. जगायला जास्त लागते. शांतपणे श्वास घेताना मोठ्या माणसाच्या आत साधारण ५०० मिलिलिटर हवा जाते. त्यातली १५०च्या आसपास श्वासनलिकांतच राहते, प्राणवायू जिथे रक्तात मिसळतो त्या फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतच नाही. पोट जमिनीला टेकलेलं आणि पाठीवर कुणाचा गुडघा असला की श्वास उथळ होतो. तेवढ्यावर माणूस ‘सोडा, गुदमरतोय’ म्हणू शकतो, पण रक्ताला प्राणवायू पुरत नाही. झटापटीमुळे प्राणवायूची गरज उलट वाढलेली असते. तो हवेसाठी धडपडतो, धरणाऱ्यांना वाटतं जोर करतोय, आणि ते आणखी दाबतात. इंग्लंडमध्ये २०१० साली ओलासेनी लुइस हा २३ वर्षांचा तरुण मनोरुग्णालयात पोलिसांनी दाबून धरल्यावर दगावला. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१८च्या कायद्याने तिथे कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं.

म्हणून चार दांडगी माणसं पुरत नाहीत. शिकलेल्या टीममध्ये एक जण डोक्याशी असतो. चेहरा, ओठांचा रंग, श्वास यांवर लक्ष ठेवणं आणि रुग्णाशी बोलत राहणं एवढंच त्याचं काम. बाकीचे हातपाय धरतात. मान, छाती, पाठ, पोट यांवर कुणीही भार देत नाही. त्याआधी रक्तातली साखर बघायला हवी, कारण साखर उतरलेला माणूसही असाच अंगावर धावून येतो. आणि पुष्कळदा ओळखीच्या सिस्टरने शांतपणे विचारपूस केली तरी हात लावायची वेळ येत नाही.

सहीचं म्हणाल, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ९७ वाचा. तात्काळ इजा टाळायला दुसरा उपाय नसेल तेव्हाच, उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, आवश्यक तेवढाच वेळ बांधता येतं; नुसत्या घरच्यांच्या सहीवर नाही. कारण, पद्धत, कालावधी केसपेपरवर लिहायचा, नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने नेमलेल्या व्यक्तीला) २४ तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून बांधणं कधीच चालत नाही. साखळदंडावर तर कलम ९५ने पूर्ण बंदी आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या निवासाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेल्या रुग्णांना पळताच आलं नाही.

‘रात्रपाळीला एकट्याने वॉर्ड सांभाळून बघा,’ असं अटेंडंट म्हणतात. त्यांचं म्हणणं खरं आहे. चावे, ठोसे त्यांनाच बसतात, आणि प्रशिक्षण त्यांच्याही अंगाला इजा होऊ नये म्हणून हवं. पण माणसं कमी आहेत म्हणून बांधलं, हे कारण कलम ९७ने स्पष्ट नाकारलं आहे. तेव्हा रुग्णाला बांधायला सांगणाऱ्या प्रशासनाकडे अटेंडंटनी आधी दोन गोष्टी मागाव्यात: रात्रपाळीला पुरेशी माणसं आणि ड्युटीच्या वेळेत पगारी प्रशिक्षण.